जांघेतला ग्राफ्ट पिकला, तर काढायचा की वाचवायचा?

आडवा_छेद: कृत्रिम रक्तनळीला (ग्राफ्टला) संसर्ग झाला की ती काढायचीच, असं आपल्याकडून घोकून घेतलेलं असतं. मला ते सरसकट पटत नाही. पीटीएफईचा (टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा) ग्राफ्ट जांघेत उघडा पडलाय, पण रक्त नीट वाहतंय, धमनीशी केलेल्या जोडातून रक्तस्राव नाही, सेप्सिस (संसर्ग शरीरभर भिनणं) नाही. अशा वेळी मेलेलं मांस साफ करा, वर सार्टोरियस या मांडीच्या स्नायूचा फ्लॅप (वळवून आणलेला भाग) घाला, किमान सहा आठवडे अँटिबायोटिक द्या. ग्राफ्ट काढल्यावर पाय जगेल याची खात्री कोण देतंय?

जुना_रेसिडेंट: आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) स्यूडोमोनास हा जंतू आला तर? तो धमनीची भिंतच कुरतडतो. जोड फुटला की ड्रेसिंग बदलायला उसंत मिळत नाही, बोट दाबून धरूनच ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं. डेक्रॉन (पॉलिस्टर धाग्याचा ग्राफ्ट) असेल तर माझा कल काढण्याकडेच. विणलेल्या धाग्यांत बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) ठाण मांडून बसते, औषध तिथवर पुरेसं पोचत नाही.

पेट्रीडिश: दोघंही कल्चरवर विसंबताय, पण नमुना कुठला? जखमेवरून फिरवलेला स्वॅब (कापसाचा बोळा) बहुतेकदा त्वचेवरचेच जंतू दाखवतो. ग्राफ्टभोवतीचं पाणी किंवा ग्राफ्टचा तुकडा पाठवा, तुकडा सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी जंतू सुटे करून) घ्या. एपिडर्मिडिस हा संथ जंतू कित्येक महिन्यांनी डोकं वर काढतो. तेव्हाही ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल. रुग्ण स्थिर असेल तर नमुन्याआधी अँटिबायोटिक नको. (हे कितीदा सांगायचं!)

नवशिका: पेट-सीटी (संसर्गाची जागा उजळून दाखवणारा स्कॅन) केला की प्रश्न मिटत नाही का?

जुना_रेसिडेंट: नाही. ऑपरेशननंतर पहिले काही महिने निरोगी ग्राफ्टही पेटवर उजळतो. आधी साधा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) बघ. तीन महिन्यांनंतरही ग्राफ्टभोवती पाणी असेल किंवा हवेचे बुडबुडे दिसले, तर संशय पक्का धर.

आडवा_छेद: स्यूडोमोनास आला तर मीही काढेन, त्यावर वाद नाही. पण महाधमनीच्या ग्राफ्टचे नियम जांघेला लावू नका. तिथे रक्ताची उलटी झाली, तर एंडोस्कोपी स्वच्छ आली म्हणूनही घरी पाठवता येत नाही. ग्राफ्ट आतड्यात उघडलेला असू शकतो.

जुना_रेसिडेंट: तिथेही काढल्यावर काय बसवायचं हा वाद आहेच. काखेतून जांघेपर्यंत बायपास केला, तर मागे राहिलेलं महाधमनीचं टोक फुटायची धास्ती. मांडीची खोल शीर वापरली, तर तासन् तास ऑपरेशन, आणि खंगलेल्या रुग्णाला ते झेपायला हवं. तरी मी शीरच निवडेन.

आडवा_छेद: ऐंशीच्या रुग्णात? मी रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेला डेक्रॉन घालेन आणि अँटिबायोटिक जन्मभर चालू ठेवेन.

पेट्रीडिश: एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू) निघाला तर तो भिजवलेला डेक्रॉनही भरवशाचा नाही.