मदत हवी आहे: हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या कामगारांवरचा चित्रपट

नमस्कार मंडळी. १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, सोलापुरात कॉलेजच्या मुलांना हुकूमशाहीतला प्रतिकार दाखवणारा एक चित्रपट दाखवायचा आहे. आधी १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉबद्दल (लष्करी कायद्याबद्दल) थोडं बोलणं, मग चित्रपट आणि चर्चा.

'द ऑफिशियल स्टोरी', 'नो' आणि 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' पाहून झाले. तिन्ही मनापासून आवडले. 'नो' १९८८ च्या चिलीतल्या सार्वमतावर आहे. तो जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर असा चित्रित केलाय, की त्या काळातलं खरं चित्रण कुठे संपलं आणि अभिनय कुठे सुरू झाला ते पटकन कळत नाही. पण तिन्हींत मुख्य माणसं कोण? शिक्षिका, जाहिरातवाला, माजी खासदाराचं कुटुंब. आमच्या बऱ्याच मुलांचे आजोबा गिरणीत होते, आज्या विड्या वळायच्या. संप करणारा, पत्रकं वाटणारा माणूस त्यांना पडद्यावर दिसायला हवा. पोलिश दिग्दर्शक वायदांचा 'मॅन ऑफ आयर्न' नेमका तसा आहे, पण अडीच तासांचा. चर्चेला वेळच उरत नाही.

छळाची दृश्यं अंगावर येणारी नकोत, दडपशाही मात्र पुसट व्हायला नको. दोन तासांच्या आत बसावा. देश कुठलाही चालेल, माहितीपट नको. इंग्रजी सबटायटल्स असतील तर मराठी आम्ही करून घेऊ. प्रदर्शनाच्या परवानगीचंही आम्ही बघतो.

असा कुठला चित्रपट तुम्ही स्वतः पाहिलाय, आणि त्यातला कुठला प्रसंग थांबवून मुलांशी बोलता येईल?