वारीत चालताना मन ठिकाणावर कसं राहतं?

पायवाट:
गेल्या वर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चाललो. दिवे घाटाचे फोटो ढीगभर आहेत, पण घाटात काय वाटलं म्हणाल तर सांगता येत नाही. डोकं सोमवारच्या मीटिंगमध्ये होतं. यंदा एका दिंडीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण जायचं ठरलंय. मी माळकरी नाही, अभंगही फारसे पाठ नाहीत. घरी रोज श्वासावर लक्ष ठेवून बसतो. चालताना तेच करायचं का? की एवढ्या गर्दीत असलं काही जमतच नाही?

टाळकुट्या:
श्वास राहू द्या, टाळ धरा. रांगेत टाळाचा ठेका आणि पाऊल एकदा जुळलं की वेगळं लक्ष ठेवावं लागत नाही. चुकलात तर शेजारचा माऊली नुसता तुमच्याकडे बघतो, तेवढं पुरतं. अभंग पाठ नसले तरी धृपद उचलता येतं.

पहिले काही दिवस डोकं घरीच असतं, त्याला इलाज नाही. पुण्यात आणि सासवडला दोन-दोन मुक्काम, तिथून परत फिरायची हुक्कीही येईल. जेजुरी, वाल्हे मागे पडलं, नीरेत पादुकांना स्नान झालं, की आज वार कोणता हे दुसऱ्याला विचारावं लागतं. सकाळी भूपाळ्या, मग वासुदेव, गौळणी, दुपारनंतर हरिपाठ हा क्रम ठरलेला असतो. त्यावरूनच दिवस किती उरला ते कळायला लागतं आणि घड्याळ पिशवीत जातं.

आणि काही झालं तरी समाजआरती चुकवू नका. थकून राहुटीत आडवे होणारे पुष्कळ असतात, तुम्ही जा. तळावर सगळ्या दिंड्या जमलेल्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंचावतात आणि सगळं एकदम बंद. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात. (आमच्या सोसायटीच्या सभेत ही पद्धत आणायला हवी.) त्यानंतर हरवलं-सापडलंचा पुकारा. एकदा दातांची कवळी सापडल्याचं पुकारलं. मालक काही पुढे येईना. आमच्या रांगेतले एक आजोबा तोंडावर उपरणं धरून गप्प उभे. आरती झाल्यावर हळूच गेले आणि घेऊन आले. त्या रात्री पंगतीत भाकरी चावताना त्यांना आणि आम्हाला सगळ्यांनाच हसू आवरेना.

मंजिरी_२:
बायकांच्या बाजूने थोडं. पहाटे अंधारात टँकरच्या पाण्याखाली उभं राहिलं की मन कुठे आहे हा प्रश्नच उरत नाही, ते पाण्यातच असतं! माझ्या पुढे एक आजी तुळस घेऊन चालायच्या. विसावा आला की वृंदावन उतरवायचं, तांब्यातलं थोडं पाणी तुळशीला, मगच स्वतः घोटभर. मी नंतर त्यांच्याकडून तासभर तुळस मागून घ्यायला लागले. डोक्यावर ओझं असलं की मान इकडेतिकडे वळत नाही, समोरचंच दिसतं. फोनला हात लावायचा विचारही येत नाही.

नवे बूट घालून येऊ नका. वापरून सैल झालेली चप्पल बरी.

उंबरठा:
जरा वेगळं मत. वारीत आनंद शोधत फिरणारे लोक मला हल्ली वारकऱ्यांपेक्षा जास्त दिसतात. चिखल आहे, पत्रावळ्यांचे ढीग आहेत, रात्री शेजारी घोरणारा आहे, त्याचं काय करणार? काम मागून घ्या. पंगतीत मीठ वाढा. मीठवाल्याला प्रत्येक पानापुढे वाकावं लागतं, प्रत्येकाकडे बघावं लागतं, आणि "माऊली, थोडंच" हे शंभरदा ऐकावं लागतं. मला वारी त्यातून कळायला लागली.

पायवाट:
मीठ नक्की. समाजआरतीलाही जाईन. टाळ दिंडीतच मिळतात की विकत घ्यायचे?

टाळकुट्या:
आपले असलेले बरे. आळंदीत मिळतात, पण दुकानात नुसते वाजवून घेऊ नका, हातात धरून दहा मिनिटं उभे राहा. वजन तेव्हा कळतं. दोरी सुती घ्या, नायलॉनची लोणंदपर्यंत बोटं सोलून काढते.