अमूर्त एचिंग विकत घेऊन भिंतीला लावणं : शौक, गुंतवणूक की नुसता दिखावा?

तापीकाठ (जळगाव)
आपल्याकडे वास्तुशांत झाली की हॉलच्या मोठ्या भिंतीवर काय येतं? सात धावते घोडे, नाहीतर डेकोरच्या दुकानातला तीन तुकड्यांचा कॅनव्हास, मशीनवर छापलेला, अख्ख्या कॉलनीत तोच. त्याला लोक चार-पाच हजार हसत देतात. त्यात थोडे अजून टाकले की एखाद्या तरुण प्रिंटमेकरचं छोटं एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून, शाई भरून कागदावर छापलेलं चित्र) येतं, पेन्सिलने सही आणि नंबर असलेलं, ओरिजिनल. मी काही वर्षं तेच घेतोय आणि मुद्दाम अमूर्तच घेतो, कारण एचिंगमध्ये निम्मं काम ॲसिड करतं आणि ते जे खाऊन ठेवतं ते अमूर्तात उघडं दिसतं, चेहरा-झाडाखाली लपत नाही. अमूर्त चित्रकार गायतोंडे यांची चित्रं कोटींच्या घरात गेली, ती आपल्याला झेपणार नाहीत. प्रिंट हा पगारदार माणसाचा रस्ता आहे आणि खान्देशात त्यावर कोणी फिरकतच नाही असं माझं मत. बोला, शिव्या पण चालतील.

सराफकट्टा
शिव्या नाही देत, हिशेब सांगतो. सोनं अडीअडचणीला कधीही मोडता येतं, जळगावात तर विचारायलाच नको. तुमचं 7/25 (म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी) लिहिलेलं एचिंग मोडायला कुठे जाणार? मुंबईची गॅलरी स्वतःचं कमिशन कापणार, ते पण गिऱ्हाईक मिळालं तर. वरून तसेच अजून चोवीस कागद बाजारात फिरतायत. याला कलेक्शन म्हणा, पण बायकोला गुंतवणूक म्हणून सांगू नका एवढंच.

तापीकाठ
गुंतवणूक मी म्हटलीच नाही भाऊ. सोफा घेताना रिसेल व्हॅल्यू विचारता का?

धुळेकर_आबा
माले ते काही समजनं नही भो. चार रेघोट्या अन एक काळा डाग, असं तर माझा नातू पण करतो. चाळीसगावला केकी मूस यांचं घर बघून या एकदा. त्या माणसाने टेबलावर देखावे मांडून असे फोटो काढले की खरंच बाहेर बर्फ पडलाय वाटतं. मेहनत डोळ्याला दिसते तिथे. या डागात मेहनत कुठे आहे ते दाखवा, मी पण घेतो.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर (अमळनेर)
आबा, नातवाकडून करून घ्याच मग. तांब्याची किंवा जस्ताची प्लेट आधी आरशासारखी घासायची, कडा कानशीने तिरप्या करायच्या नाहीतर प्रेसमध्ये कागद फाटतो. मग मेण-डांबराचा पातळ थर, त्यावर सुईने ओरखडायचं आणि प्लेट ॲसिडमध्ये सोडायची. नायट्रिक असेल तर रेघेवर बुडबुडे धरतात, ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला करत बसायचं. आणि तो जो काळा डाग म्हणताय ना, तो बहुतेक ॲक्वाटिंट असणार : राळेची बारीक पूड प्लेटवर बसू द्यायची, खालून गरम करून चिकटवायची, मग ॲसिड दाण्यादाण्याच्या मधून खातं. किती मिनिटं ठेवली त्यावर राखाडी की काळंभोर ते ठरतं, जास्त झालं की खोडायला रबर नाही, परत घासत बसा. शेवटी शाई चोळून भरायची, जाळीच्या कडक कापडाने पुसायची, ओलसर कागद टाकून रोलरखालून काढायची. हे पुसणं दर प्रिंटला नव्याने, हाताने.

प्रिंटमेकर कृष्णा रेड्डींनी पॅरिसला हेटर या प्रिंटमेकरच्या स्टुडिओत तिथल्या सोबत्यांबरोबर एकाच प्लेटवर कमी-जास्त तेलाच्या शाया मऊ-कडक रोलरने लावून एका दाबात अनेक रंग काढायची पद्धत बसवली. माणूस आपल्या आंध्रातला. बंगालचे सोमनाथ होर यांनी तर ‘वूंड्स’ (जखमा) या प्रिंटमालिकेत शाईच ठेवली नाही, पांढऱ्या लगद्याच्या कागदावर पांढऱ्याच जखमा. बोट न लावता नुसतं तिरप्या उजेडात बघा, कळतं.

शंकासुर_नंदुरबार
मेहनत मान्य आहे सर, माझा प्रश्न दुसराच आहे. 25 वरच का थांबायचं? प्लेट तयार आहे, शाई आहे, 250 काढा आणि पाचशे रुपयाला विका, गावोगावी जाऊ द्या. मुद्दाम टंचाई करायची, प्लेटवर आडव्या रेघा मारून ती बाद करायची आणि मग म्हणायचं प्रिंट म्हणजे सामान्य माणसाची कला. हे काय गणित आहे?

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर (अमळनेर)
प्लेट झिजते हो. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे ॲसिड न वापरता थेट कोरलेल्या प्लेटवर, सुईने धातूचा जो बारीक उचललेला काठ राहतो त्यावरच ती मखमली रेघ येते आणि तो काठ प्रेसखाली थोड्याच प्रतींत दबून जातो. ॲक्वाटिंटचा दाणा पण हळूहळू बसतो. नंतरची प्रत फिकी निघते.

शंकासुर_नंदुरबार
तांब्याच्या प्लेटवर स्टीलचा पातळ मुलामा देता येतो की, मग प्रती कितीतरी जास्त निघतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. रवी वर्मांनी 1894 ला प्रेस काढली, पुढे ती लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या. माझ्या पणजीच्या देवघरात तीच लक्ष्मी होती. तिला कोणी नंबर घातला होता का?

तापीकाठ
पण ती त्यांच्या तैलचित्रांची नक्कल होती ना, दगडावर उतरवली प्रेसच्या कारागिरांनी. इथे चित्रकार स्वतः प्लेटवर काम करतो, मूळ चित्र असं वेगळं काही नसतंच, प्रिंट हेच चित्र.

शंकासुर_नंदुरबार
नक्कल तर नक्कल, पणजीपर्यंत आली. तुमचं ओरिजिनल माझ्यापर्यंत आलेलं नाही अजून.

भुसावळची_ताई
हा मुद्दा मला पण पटतो, पण ओरिजिनलच्या नावाखाली काय विकतात ते आधी बघा. गाजलेल्या पेंटिंगचा हाय रिझोल्यूशन इंकजेट, म्हणजे मशीनवरची छापील प्रत, खाली सही, वर 12/100, आणि भाव असा की विचारू नका. जीएसटीतसुद्धा ओरिजिनल प्रिंटला 9702 हे वेगळं हेडिंग आहे आणि टॅरिफच्या टिपेत सरळ लिहिलंय की प्लेट कलाकाराने पूर्ण हाताने केलेली पाहिजे, यांत्रिक किंवा फोटो-यांत्रिक प्रक्रिया चालणार नाही. घेताना भिंग घेऊन बघा, एकसारखे बारीक ठिपके दिसले तर मशीन. एचिंगला प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन कागदात दिसतो, शाई किंचित वर आलेली असते. (नुसत्या चौकोनावर जाऊ नका, तो खोटा पण दाबतात.)

दुसरं म्हणजे फ्रेम. आमच्या इथल्या एका फ्रेमवाल्याने फ्रेममध्ये बसावं म्हणून खालची पट्टीच कापली, सही-नंबरसकट, आणि मागे हार्डबोर्डला फेविकॉलने चिकटवून दिलं, वर म्हणे आता फुगणार नाही. ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवती-मागे लावायचा, कागद पिवळा न पाडणारा पुठ्ठा) सांगा, काच कागदाला टेकू देऊ नका, पश्चिमेच्या भिंतीला तर अजिबात नको, आपल्याकडचा मे महिना माहितीये. पावसाळ्यात कसर लागते ते वेगळंच. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जपलेत, कागद टिकवणं आपल्या भागाला नवीन नाही.

धुळेकर_आबा
मास्तर, मेहनत कळली. पण अर्थ? जखम म्हटलं तर जखम दिसली, उद्या केळीचं पान म्हटलं तर तेही दिसेल.

तापीकाठ
आबा, झरीना हाश्मी या प्रिंटमेकरचं एक सांगतो. जन्म अलीगढचा, फाळणीनंतर घरचे पुढे पाकिस्तानात गेले, ही बाई जगभर फिरत राहिली. 1999 ला तिने 36 वुडकटचा (लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांचा) संच केला, ‘होम इज अ फॉरेन प्लेस’. उंबरा, अंगण, दार या अर्थाचे उर्दू शब्द आणि प्रत्येकाला मोजक्या काळ्या रेघा, कुठे नकाशासारख्या तर कुठे नुसती एक आडवी. सरदार सरोवरात नंदुरबारचं मणिबेली गाव बुडालं, तिथल्या माणसाला ती रेघ कोणी समजावून सांगायला लागेल असं मला वाटत नाही.

सराफकट्टा
झरीना तुमच्या बजेटमध्ये बसते का?

तापीकाठ
नाही बसत. म्हणून तर शिकणाऱ्या पोरांची घेतो, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनात जाऊन, थेट त्यांच्याकडून. दलाल नाही, कमिशन नाही.

शंकासुर_नंदुरबार
मग त्यांनाच सांगा, पाच-दहा प्रती नंबर न घालता काढा, साध्या कागदावर, पाचशे रुपयाला. पहिली माझी. तयार झाले तर इथे कळवा, नाही झाले तरी कळवा.

धुळेकर_आबा
दुसरी माझी. नातवाला दाखवतो.