'तारण': पतसंस्थेतलं आणि चर्चमधलं

गिरणाकाठ: नवापूरकडे एका प्रार्थनासभेला गेलो होतो. पास्टरांनी विचारलं, "तुमचं तारण झालंय का?" शेजारचा जळगावचा मित्र पुटपुटला, "सोनं अजून सुटलं नाही, भो." पतसंस्थेच्या पाटीवरचं 'सोनेतारण' आणि हे तारण, शब्द एकच का? मोक्ष, मुक्ती असताना हाच का धरला?

रावेरकर: एकच. संस्कृत 'तॄ' म्हणजे तरून जाणं, त्याचं प्रयोजक तारणे. कर्ज बुडू नये म्हणून ठेवलेली वस्तू तारण, माणूस बुडू नये म्हणून देव करतो तेही तारण. गंमत क्रियापदात आहे. पतसंस्थेत तारण ठेवतात, देतात, सोडवतात. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत हरभऱ्याची पोती गोदामात टाकली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. पोती नाहीत तर कर्ज नाही. चर्चमध्ये मात्र 'माझं तारण झालं' असंच म्हणतात. कर्ता देव. कारण या श्रद्धेप्रमाणे माणसाकडे गहाण टाकायला काही शिल्लकच नाही. बायबलमधलं रोमकरांस पत्र ३:२३ सगळ्यांनाच पापी धरतं, गावातल्या सज्जनासकट. इफिसकरांस पत्र २:८-९ सांगतं की तारण हे कृपेनं मिळालेलं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे, म्हणून कुणी बढाई मारू नये.
मोक्षाला पुनर्जन्माचा फेरा चिकटलेला आहे, तो इथे चालत नाही. 'मुक्ती' मात्र चालते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचं नावच मुक्ती.

वरणबट्टी: आपल्याकडे पाप म्हटलं की पाठोपाठ पुण्य येतंच, वहीतल्या जमा-नावेसारखं. रोमकरांस ६:२३ मध्ये पापासमोर पुण्य नाहीच. पापाचं 'वेतन' मरण, आणि समोर देवाचं 'कृपादान'. वेतनासाठीचा मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या पगाराचा. मरण कमावलेलं, जीवन फुकट! पचायला जड आहे, खरं सांगतो.

सातपुडा_पायथा: फुकट म्हणजे काहीही करा असं नाही हो, दादा. याकोबाच्या पत्रात (२:२६) कृतींवाचून विश्वास निर्जीव म्हटलंय. भांडण जुनंच. माणूस स्वतःच्या प्रयत्नानं निष्पाप राहू शकतो, हे पेलागियस नावाच्या ख्रिस्ती विचारवंताचं मत कार्थेजच्या धर्मसभेनं ४१८ साली फेटाळलं. पुढे प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या ल्यूथरपासून कॅथलिक-प्रोटेस्टंट याच मुद्द्यावर झगडले. १९९९ साली कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी संयुक्त घोषणा केली: देवाकडून माणसाचा स्वीकार कृपेनं होतो, आणि चांगली कामं त्यातून येतात. क्रम महत्त्वाचा.

गिरणाकाठ: 'कृपा' शब्द मला फार गुळगुळीत झालेला वाटतो. ट्रकवर गुरुकृपा, बदली झाली की 'साहेबांची कृपा'.

रावेरकर: तरी जिवंत आहे. 'पतित मी पापी शरण आलो तुज' म्हणणाऱ्या तुकोबांच्या महाराष्ट्रात तो समजावून सांगावा लागत नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणत, तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो. खरी अडचण 'खंडणी'ची. मार्क १०:४५ मध्ये येशू पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो. गुलामाला सोडवायला भरायची रक्कम, असा अर्थ. आजच्या वाचकाला वाटतं, पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा.

वरणबट्टी: मग 'मुक्तिमूल्य' करा.

सातपुडा_पायथा: नको, दादा. आमच्याकडे म्हाताऱ्या बाया मोठ्यानं वाचतात, त्यांची जीभ अडकेल. 'सोडवणुकीचं मोल' बरं. गहाण सोडवलेलं सगळ्यांनाच कळतं.