आईला केअर सेंटरमध्ये ठेवायचंय, दरमहा पैसे कसे उभे करायचे?

कर्वेनगरकरीण
आई ८२ची. बाबा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाले होते. ते गेल्यापासून तिला फॅमिली पेन्शन आहे, हातात १९ हजारांच्या आसपास येतात. पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिलीच नाही. विसरणंही वाढलंय. ब्यूरोची चोवीस तासांची बाई ठेवून पाहिली. रोजचे ९००, वर कमिशन, तिचं चहा-जेवण, आणि ती गणपतीत गावाला गेली की बदली बाईचा पत्ता नाही.

धायरीकडे एक सेंटर बरं वाटलं. महिना ४२ हजार. डायपर, फिजिओ, औषधं वेगळी, म्हणजे ५२च धरा. डिपॉझिट दोन लाख.

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत तिचे १२ लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २४,६०० येतात. इथला वन बीएचके तिच्याच नावावर. नाशिकचा दादा म्हणतो, विकून टाक, एफडी कर, कटकट नको. बँकेतल्या एकाने रिव्हर्स मॉर्गेज सुचवलं, म्हणजे घर बँकेकडे तारण ठेवायचं आणि बँक दरमहा पैसे देणार. मला फ्लॅट विकणं जिवावर येतंय. आणि आयुष्मानचं सत्तरीपुढचं कार्ड सेंटरला चालतं का?

निवृत्त_हिशेबनीस
ताई, फ्लॅटचं नंतर बघू. आधी आईची पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीची ऑर्डर, काढा आणि त्यावर तिची जन्मतारीख आहे का पाहा. केंद्राच्या फॅमिली पेन्शनमध्ये ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जास्त मिळतात, त्यावर महागाई भत्ता वेगळा. ८५ला ते ३० टक्के होतात. जुन्या पीपीओंवर पुष्कळदा बायकोची जन्मतारीखच नसते, मग वाढ लागत नाही आणि घरात कुणाला कळतही नाही. लागली नसेल तर अर्ज करा, मागची थकबाकीही मागा.

रिव्हर्स मॉर्गेज राहत्या घरावर मिळतं. आई कायमची सेंटरला गेली की ते कर्ज फेडायची वेळ येते. घरीच बाई ठेवणार असाल तर विचार करण्यासारखं आहे, तुमच्या बाबतीत नाही. बँकवाल्याने एवढं सांगितलं नसणार.

दादांचं अगदीच चूक नाही हं. फ्लॅट भाड्याने देण्यापेक्षा विकून एफडी केली तर व्याज भाड्याहून जास्त येईल. पण व्याज आहे तिथेच राहतं आणि सेंटरचे दर दरवर्षी चढतात. माझ्या सासूबाईंच्या सेंटरने तर वर्षाच्या मध्येच वाढवले, कारण विचारलं तर ‘गॅस महागला’. भाडं निदान थोडं तरी वाढतं. आणि उद्या मोठं आजारपण निघालं तर विकायला फ्लॅट हाताशी राहतो. १८ हजार भाडं धरा. पेन्शनचे १९, पोस्टाच्या व्याजाचे महिन्याला ८.२ आणि भाड्याचे १८ मिळून ४५ हजार होतात. पेन्शनची वाढ लागली तर खड्डा आणखी कमी होईल, राहिलेलं तुम्ही दोघं वाटून घ्या. दादा ‘विक’ म्हणतात तेव्हा ‘तुझा वाटा किती’ हेही विचारा!

पौडरोड_७७
कार्ड फक्त हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाल्यावर. सेंटरच्या बिलाला नाही. मेडिक्लेमचंही तेच.

तुमची खरी घाई वेगळीच आहे. आईची सही आणि समज शाबूत आहे तोवर भाडं-व्याज जमा होईल असं एक खातं तुमच्याबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घ्या, म्हणजे दोघींपैकी कुणा एकीच्या सहीवर चालेल. भाडेकरार रजिस्टर करतानाही तिचा अंगठा-फोटो लागेल. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर विसंबू नका. माणसाचं भान गेलं की ती कायद्याने चालत नाही, मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. आमच्या काकूंच्या वेळी बँकेने तेवढ्यासाठी एफडी अडवून धरली होती.

हो, हयातीचा दाखला ८०च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. तोही मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, तिला कुठे उचलून नेऊ नका.

कर्वेनगरकरीण
पीपीओ सापडली. जन्मतारखेचा रकाना कोरा! उद्या आधार आणि पॅन जोडून अर्ज टाकते. दादाला हे सगळं पाठवलं, ‘बघू’ असं उत्तर आलंय. डिपॉझिटचं काय करू? सेंटरवाले म्हणतात परत मिळेल, पण पावतीवर तसं काही नाही.

निवृत्त_हिशेबनीस
मग पावती बदलून घ्या. किती दिवसांत परत, काय कापणार, आई मध्येच घरी आली किंवा हॉस्पिटलात गेली तर महिन्याचे पैसे कसे धरणार, सगळं लेखी. लिहून देत नसतील तर दुसरं सेंटर बघा.