मदत हवी आहे: पेत्रातल्या अल-हबीस किल्ल्याची चढण कशी आहे?

डिसेंबरात जॉर्डनला जातोय, तिथल्या पेत्रा या प्राचीन शहराचं दोन दिवसांचं तिकीट आहे. कस्र अल-बिंत या जुन्या मंदिराच्या मागच्या डोंगरावर क्रुसेडरांनी (युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी) १२व्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत, तो अल-हबीस बघायचाच आहे. (शहराबाहेरचा अल-वुअय्रा किल्ला वेगळा, त्याबद्दल विचारत नाहीये.)

सोबत बाबा, वय ६६. सिंहगड अजून चढतात, पण उतरताना डावा गुडघा बोलतो आणि उघड्या कड्याशी हातपाय गार पडतात. कोकणकड्यावर तर पालथं पडूनसुद्धा खाली बघितलं नाही! अद-देर या डोंगरावरच्या स्मारकाच्या ८००च्या आसपास पायऱ्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवल्यात. गाढवावर बसणार नाहीत, ते आधीच सांगून झालंय.

नकाशात वाट मध्येच गायब होते. व्हिडिओ पाच-सहा पाहिले. सगळे माथ्यावरून दिसणारं शहर दाखवतात, पायऱ्या कुणीच नाही. हॉटेलवाल्याला विचारलं तर "नो प्रॉब्लेम", संपलं.

अलीकडे कुणी वर गेलं असेल तर सांगा: शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्या कितपत झिजल्यात, दरीच्या बाजूला कठडा आहे का, आणि पाऊस पडून गेल्यावर त्याच वाटेनं उतरणं जमेल का?