राखणदार दूत फक्त लहान मुलांसाठीच असतो का?

सांजवात: झोपण्याआधी राखणदार दूताची, म्हणजे देवाने प्रत्येकाला जपायला नेमलेल्या देवदूताची, प्रार्थना आईने शिकवली होती. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं आणि ती मागे पडली. आता चाळिशीत पुन्हा म्हणू लागलोय, म्हणून हा धागा. माझं मत असं की मोठ्यांनी ही भक्ती सोडून दिली, ही चूक झाली.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (१९९२) परिच्छेद ३२८ मध्ये देवदूतांचं अस्तित्व हे श्रद्धेचं सत्य आहे असं सांगतो. परिच्छेद ३३६ म्हणतो, सुरुवातीपासून मृत्यूपर्यंत माणसाचं जीवन त्यांच्या राखणीत असतं. २ ऑक्टोबरचा राखणदार दूतांचा सण १६७० मध्ये पोप दहावे क्लेमेंट यांनी सबंध ख्रिस्तसभेला, म्हणजे जगभरच्या कॅथलिक चर्चला, लागू केला. आणि आपण काय केलं? शुभेच्छापत्रांवर पंखवाली गुबगुबीत बाळं छापली. बायबलमधला दूत भेटला की अनेकदा आधी ‘भिऊ नको’ म्हणतो, कारण समोरचा खरोखर घाबरलेला असतो.

कोरीपाटी: मी कॅथलिकच आहे, तरी असहमत. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू (१ तीमथ्य २:५). देवदूतांच्या पूजेच्या नादी लागणाऱ्यांपासून प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रातून सावध करतो. बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात योहान दूताच्या पाया पडायला जातो, तर दूतच त्याला थांबवतो आणि देवाला नमन कर म्हणतो.

हे नुसतं पुस्तकी बोलत नाही. आमच्या प्रार्थनागटात एका बाईंना त्यांच्या दूताचं ‘नाव’ कळलं. मग त्याचे ‘संदेश’ येऊ लागले. पुढे पुढे गटात शुभवर्तमान, म्हणजे येशूची चरित्रकथा सांगणारं बायबलमधलं पुस्तक, उघडणंच बंद झालं. मी गट सोडला.

सांजवात: तुम्ही गट सोडलात ते योग्यच केलंत. पण त्या बाई जे करत होत्या ते ख्रिस्तसभेलाही मान्य नाही. ७४५ साली पोप झखारिया यांच्या काळात रोमच्या धर्मसभेने (बिशपांच्या बैठकीने) मनाची नावं घेऊन देवदूतांचा धावा करण्याला मनाई केली. लोकभक्तीविषयीच्या २००१ च्या व्हॅटिकनच्या मार्गदर्शिकेतही तेच आहे: मीखाएल, गब्रीएल, राफाएल ही शास्त्रातली तीन नावं सोडून दूतांना नावं देऊ नयेत. चुकीचा वापर झाला म्हणून मूळ गोष्टच टाकून द्यायची का?

आणि टाकणार तरी कशी? प्रत्येक मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आपण देवदूतांच्या सुरात सूर मिसळून म्हणतो. यशया संदेष्ट्याने ऐकलेलं, सराफ नावाच्या देवदूतांचं गाणं आहे ते. त्यांची आराधना आपण करत नाही; त्यांच्यासोबत देवाची करतो. मध्यस्थ एकच आहे हे मलाही मान्य आहे, पण म्हणून माझ्यासाठी प्रार्थना कर असं मित्राला सांगायचं आपण थांबवत नाही ना?

पाऊलवाट: वाचत होतो. राहवलं नाही म्हणून लिहितो. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना गेला. आदल्या रात्रीही त्याने ती प्रार्थना म्हटली होती. त्याचा दूत त्या वेळी काय करत होता, याचं उत्तर तुमच्या परिच्छेद ३३६ मध्ये मला सापडलं नाही.

कोरीपाटी: पाऊलवाट, तुमच्या दुःखापुढे वाद घालायचा नाही. माझी अडचण नेमकी हीच आहे. दूत तुला हातांवर झेलतील, हे स्तोत्र ९१ मधलं वचन मंदिराच्या टोकावर ‘उडी मार’ म्हणत येशूला कोण ऐकवतो? सैतान. आणि येशू उडी मारत नाही. मुलांना आपण ही प्रार्थना विमा असल्यासारखी शिकवतो, आणि मग अशी वेळ येते.

सांजवात: हे मला पटलं. माझ्या मूळ लेखात ‘राखण’ हा शब्द मी फार सहज वापरला.

पाऊलवाट, उत्तर माझ्याकडेही नाही. गेथशेमाने बागेतला, येशू मरणाच्या आदल्या रात्री दुःखाचा प्याला दूर कर अशी प्रार्थना करतो तो प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. एकट्या लूकने तो लिहिलाय (२२:४३): स्वर्गातून एक दूत येतो आणि येशूला बळ देतो. प्याला दूर करत नाही. खुद्द देवाच्या पुत्रासाठी आलेल्या दूतानेही मरण टाळलं नाही. तो फक्त त्या रात्री जवळ होता. मी प्रार्थना म्हणतो ती आता एवढ्याचसाठी.

रानजाई: राफाएलचं नाव आलं, पण त्याच्या गोष्टीबद्दल कुणी बोललंच नाही. बायबलमधल्या तोबीतच्या ग्रंथात तो तोबीतच्या तरुण मुलासोबत, तोबियासोबत, अख्खा प्रवास करतो, आणि आपण कोण ते शेवटी सांगतो. तोवर घरातल्यांना तो साधा वाटाड्याच वाटतो. माझ्या आजारपणात जी माणसं आली, त्यांच्यामागे कोण होतं मला माहीत नाही.

पाऊलवाट: सांजवात, प्याल्याचं जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. अंत्यविधीनंतर शवपेटी चर्चमधून बाहेर नेताना गातात ना, देवदूत तुला नंदनवनात घेऊन जावोत, तेव्हा मी आणि बायको मागे चालत होतो. ते गाणं मला नकोसं झालं नाही. रात्रीची प्रार्थना मात्र माझ्या तोंडून अजून येत नाही. बायको म्हणते. मी शेजारी बसून राहतो.